पाडावें कीं राखावें? : डेट्रॉइट येथील टायगर स्टेडियमविषयींच्या वादाचें परीक्षण

अमेरिकेंतील डेट्रॉइट नगरांत मिशिगन आणि ट्रंबुल हे दोन रस्ते जेथें मिळतात तेथें टायगर स्टेडियम या नांवाचें बेसबॉलच्या खेळाचें एक मोठें प्रेक्षागार होतें. २७ सप्टेंबर १९९९ रोजीं तेथें व्यावसायिक संघांचा शेवटचा सामना झाला, आणि २१ सप्टेंबर २००९ रोजीं त्याचा उरलासुरला भाग जमीनदोस्त झाला. मधलीं दहा वर्षें तें ओस पडून होतें, आणि तें पाडावें कीं राखावें या प्रश्नावर त्या नगरांत मोठा वाद झाला. इमारत गेली तरी त्या वादांत निघालेले मुद्दे मात्र एका नगरापुरते नाहींत. जेथें जेथें सार्वजनिक वास्तु ओस पडते तेथें तेथें तेच मुद्दे बहुधा त्याच क्रमानें पुढें येतात. म्हणून त्या वादाचें परीक्षण करण्याचें आम्ही येथें योजिलें आहे.

खेळाचें मैदान हा संशोधनाचा विषय कसा, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, लोक पिढ्यान् पिढ्या जेथें स्वखुषीनें एकत्र जमतात, तें स्थळ त्यांच्या इतिहासाचें साधन असतें. राजवाडा राजाविषयीं बोलतो. प्रेक्षागार प्रजेविषयीं बोलतें. तें काय बोलतें, आणि तें ऐकण्यासाठीं तें उभें असणें अवश्य आहे काय, एवढाच प्रश्न आहे.

वादाचा विषय

प्रथम वस्तुस्थिति. या चौकांत १८९६ सालीं बेनेट पार्क या नांवाचें लांकडी बाकांचें मैदान झालें. रेल्वेच्या अपघातांत पाय गमावलेल्या चार्ली बेनेट या लोकप्रिय खेळाडूचें नांव त्यास दिलेलें होतें. १९१२ सालीं संघाचा मालक फ्रँक नॅव्हिन यानें लांकडी बांधकाम काढून पोलाद व काँक्रीट यांचें सुमारें २३,००० प्रेक्षकांचें नवें प्रेक्षागार उभारलें. तें नॅव्हिन फील्ड या नांवानें २० एप्रिल १९१२ रोजीं उघडलें. त्याच दिवशीं बॉस्टन येथील फेनवे पार्कही उघडलें. ही गोष्ट पुढील विवेचनांत उपयोगी पडणार आहे. नॅव्हिन १९३५ सालच्या अखेरीस वारला. नंतरचा मालक वॉल्टर ब्रिग्ज यानें १९३८ पर्यंत बांधकाम वाढवून तें सर्व बाजूंनीं दुमजली केलें, व प्रेक्षकांची सोय ५०,००० च्या वर नेली. तेव्हांपासून तें ब्रिग्ज स्टेडियम झालें, आणि १९६१ सालीं त्याचें नांव टायगर स्टेडियम असें पडलें. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्याची मालकी नगराकडे आली, हेंही ध्यानांत ठेविलें पाहिजे; कारण वादांतील पुष्कळ जबाबदारी या मालकीपाशीं येऊन थांबते.

या ठिकाणीं घडलेल्या प्रसंगांची यादी मोठी आहे. बेब रूथ या विख्यात खेळाडूनें आपला सातशेवा होम रन १३ जुलै १९३४ रोजीं येथें मारला. सलग २,१३० सामने खेळलेला लू गेरिग २ मे १९३९ रोजीं प्रथमच संघाबाहेर बसला, तो येथेंच. नेल्सन मंडेला यांनीं तुरुंगांतून सुटल्यानंतरच्या अमेरिकेच्या दौऱ्यांत २८ जून १९९० रोजीं येथें भाषण केलें. परंतु प्रसंगांची यादी म्हणजे वास्तूचें वैशिष्ट्य नव्हे. तें वैशिष्ट्य बांधणींत होतें. वरचा सज्जा खालच्या बाकांवर थेट उभा केलेला असल्यामुळें त्यास आधार देणारे खांब प्रेक्षकांच्या मधोमध आले. त्या खांबांमुळें कांहीं प्रेक्षकांना खेळ नीट दिसत नसे. पण त्याच खांबांमुळें वरचा सज्जा मैदानाच्या इतका जवळ आला होता कीं, तेथील प्रेक्षकाला खेळाडूंचें बोलणें ऐकूं यावें. उजव्या बाजूचा सज्जा तर मैदानावर सुमारें दहा फूट पुढें झुकलेला होता. खालीं उभा असलेला खेळाडू चेंडू झेलण्यासाठीं हात वर करी, आणि चेंडू त्याच्या डोक्यावरच्या सज्जांत पडून होम रन होई. पुढें बांधलेल्या प्रेक्षागारांत खांब गेले, आणि त्यांच्याबरोबर हें सान्निध्यही गेलें.

पाडणारांचा पक्ष

पाडणारांच्या बाजूनें तीन मुद्दे मांडले जात. पहिला, इमारत निरुपयोगी झाली. १९९६ सालच्या मतदानांत नगराच्या मतदारांनीं मोठ्या बहुमतानें नव्या प्रेक्षागाराचा मार्ग मोकळा केला, आणि एप्रिल २००० मध्यें संघ कोमेरिका पार्क या नव्या ठिकाणीं खेळूं लागला. तेव्हां जुन्याचें प्रयोजन उरलें नाहीं. दुसरा, नगर दरिद्री झालें आहे. डेट्रॉइटची लोकसंख्या १९५० सालीं साडेअठरा लाखांच्या आसपास होती. २०१० च्या शिरगणतींत ती सुमारें सव्वासात लाखांवर आली, आणि जुलै २०१३ मध्यें नगरानें दिवाळखोरीचा अर्ज केला. ज्या नगरास रस्त्यांवरील दिवे चालू ठेवणें कठीण, त्यानें ओस प्रेक्षागार पोसावें काय? तिसरा, मोकळी जागा मिळाली तर तेथें घरें व दुकानें होतील आणि वस्ती सुधारेल.

यांपैकीं दुसरा मुद्दा आम्ही बलवान् मानतों. दूरच्या इतिहासप्रेमी मनुष्यास जुन्या भिंतींचा कळवळा येणें सोपें असतें. कर भरणाऱ्या रहिवाशास तो महाग पडतो. त्याच्या दारिद्र्याकडे पाठ फिरवून केलेला उपदेश संशोधकास शोभत नाहीं.

पहिला मुद्दा मात्र ऐकावयास वाटतो तितका प्रामाणिक नाहीं. इमारत निरुपयोगी आहे असें म्हणतांना ती निरुपयोगी कोणी केली याचा उच्चार नाहीं. दहा वर्षांत तेथें लहान संघांचें मैदान, घरें, दुकानें अशा अनेक योजना पुढें आल्या आणि गेल्या; मालकानें एकहि तडीस नेली नाहीं, आणि दुरुस्तीहि केली नाहीं. मग गंजलेलें पोलाद दाखवून इमारत मोडकळीस आली आहे असें सांगण्यांत आलें. ज्याच्या उपेक्षेमुळें दोष उत्पन्न झाला त्यानेंच तो दोष हेतु म्हणून पुढें करावा, हें न्यायशास्त्राच्या दृष्टीनें साध्यालाच हेतु करणें आहे. इमारत टाकून द्यावी हें सिद्ध करावयाचें, आणि प्रमाण काय, तर ती टाकून दिलेली आहे!

तिसऱ्या मुद्द्याची परीक्षा काळानें केली. २००९ सालीं जागा मोकळी झाली, आणि कित्येक वर्षें ती मोकळीच राहिली. पाडण्याची घाई जेवढी झाली तेवढी बांधण्याची झाली नाहीं. शेवटीं तेथें घरें व दुकानें आलीं हें खरें. पण तीं मैदानाच्या कडेनें आलीं, आणि मैदान मध्यें राखूनच आलीं. म्हणजे जो विकास इमारत गेल्यावांचून होणार नाहीं असें म्हटलें होतें, तो जुन्या स्थळाची मध्यवर्ती जागा कायम ठेवूनच झाला.

राखणारांचा पक्ष

राखणारांची चळवळ जुनी होती. टायगर स्टेडियम फॅन क्लब १९८७ सालीं स्थापन झाला. २० एप्रिल १९८८ रोजीं हजाराहून अधिक लोकांनीं हातांत हात घालून त्या इमारतीस वेढा दिला व तिला अक्षरशः आलिंगन दिलें. १९८९ सालीं तिची नोंद ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहींत झाली. १९९० सालीं या लोकांनीं कॉकरन प्लॅन या नांवाची नूतनीकरणाची योजना शिल्पज्ञांकडून तयार करून घेतली. तीप्रमाणें नव्या प्रेक्षागाराच्या मानानें फार थोड्या खर्चांत जुनें सुधारतां आलें असतें. नुसती हळहळ न करतां नकाशे व अंदाजपत्रक घेऊन पुढें येणारे इतिहासप्रेमी कोठेंहि विरळाच. त्याबद्दल त्यांची प्रशंसाच केली पाहिजे.

पण त्यांच्याहि मुद्द्यांत कांहीं सैलपणा होता, तो दाखविणें परीक्षकाचें कर्तव्य आहे. 'शंभर वर्षें याच जागीं हाच खेळ' असें ते म्हणत. जमिनीपुरतें तें खरें आहे. परंतु १८९६ च्या मैदानाची दिशा १९१२ सालीं बदलली. फलंदाज जेथें उभा राहतो ती होम प्लेट दुसरीकडे गेली, आणि तेव्हांपासून १९९९ पर्यंत ती एका जागीं राहिली. लांकूड १९१२ सालीं गेलें, आणि सभोंवारचा दुमजली घेर १९३८ चा होता. तेव्हां 'हीच' वास्तु म्हणजे नेमकी कोणती, हें आधीं ठरवावयास हवें होतें. प्रचाराच्या ओघांत तें राहून गेलें.

दुसरें, राष्ट्रीय नोंदवहींत नांव आलें म्हणजे इमारत सुरक्षित झाली अशी पुष्कळांची समजूत होती. ती चुकीची आहे. मालक जर मध्यवर्ती सरकारचा पैसा किंवा परवाना न घेतां स्वखर्चानें इमारत पाडील, तर ती नोंद त्यास अडवीत नाहीं. नोंद ही ओळख आहे, कवच नव्हे. दफ्तराची यादी छापली म्हणून वाळवी थांबत नाहीं, हें आमच्या वाचकांना निराळें सांगावयास नको.

तिसरें आणि सर्वांत महत्त्वाचें असें कीं, १९९९ पर्यंत या चळवळीचा मुख्य आग्रह संघानें येथेंच खेळावें असा होता. तो आग्रह योग्यच होता; पण संघ गेल्यावर पुढें काय, याचें उत्तर तयार नव्हतें. वास्तूचा बचाव एकाच भाडेकरूवर अवलंबून ठेविला, कीं भाडेकरू गेल्याबरोबर बचावहि जातो.

शेवटचे तीन महिने

वादाचा निकाल कसा लागला तें आतां पाहूं. २००७ सालच्या ऑक्टोबरांत इमारतींतील खुर्च्या, पाट्या इत्यादि वस्तूंचा लिलांव झाला. एखादें दफ्तर फुटून त्याचे कागद घरोघर जावेत तसें हें झालें. प्रत्येकापाशीं एक चिठोरें राहिलें, पण प्रकरण कोणापाशींच राहिलें नाहीं. ३० जून २००८ रोजीं पाडकाम सुरू झालें. ओल्ड टायगर स्टेडियम कन्झर्व्हन्सी या संस्थेच्या प्रयत्नानें दोन्ही संघांच्या बसण्याच्या जागांमधला, म्हणजे होम प्लेटच्या मागील पट्टा, तेवढा शिल्लक ठेवण्यांत आला. हा भाग मुख्यतः १९१२ च्या नॅव्हिन फील्डचा होता. म्हणजे 'हीच वास्तु कोणती' या प्रश्नाचें जें नेमकें उत्तर हवें होतें, तें परिस्थितीनेंच दिलें होतें.

या भागासाठीं सिनेटर कार्ल लेव्हिन यांच्या खटपटीनें मार्च २००९ मध्यें मध्यवर्ती सरकारचे सुमारें ३८ लाख डॉलर मंजूर झाले. संपूर्ण योजनेस याहून पुष्कळ अधिक रक्कम लागणार होती, आणि ती जमली नव्हती. २ जून २००९ रोजीं नगराच्या आर्थिक विकास महामंडळानें बहुमतानें उरलेला भाग पाडण्याचें ठरविलें. ५ जून रोजीं काम सुरू झालें. न्यायालयानें तात्पुरती मनाई दिली, ती ८ जून रोजीं उठली. आणि सप्टेंबरांत सर्व संपलें.

येथें आमचा अभिप्राय स्पष्ट सांगतों. २००८ सालीं बाहेरचा घेर पाडला यास आम्ही मोठा दोष देत नाहीं. चाळीस-पन्नास हजारांचें ओस प्रेक्षागार जसेंच्या तसें राखणें त्या नगराच्या शक्तीबाहेरचें होतें. परंतु २००९ सालीं उरलेला पट्टा पाडला तो अविचार होय. तो भाग लहान होता, सर्वांत जुना होता, त्यासाठीं पैशाचा आरंभ झालेला होता, आणि ती जागा दुसऱ्या कोणास तांतडीनें द्यावयाचीहि नव्हती. ज्या सान्निध्याचा उल्लेख वर केला आहे तें केवळ नकाशा पाहून कळत नाहीं. खांबाआड मान वळवून खेळ पाहणारा प्रेक्षक, आणि हांकेच्या अंतरावर उभा असलेला खेळाडू, यांतील नातें त्या बाकावर बसल्यावांचून समजत नाहीं. छायाचित्र ही नक्कल आहे, तो पट्टा अस्सल होता. नक्कल हातीं आहे म्हणून अस्सल जाळणाऱ्यास आपण काय म्हणतों, हें सर्वश्रुत आहे.

साक्षीदाराचें चारित्र्य

आणखी एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे, कारण तो हलका नाहीं. डेट्रॉइटमधील कृष्णवर्णीय रहिवाशांपैकीं कित्येकांना या वास्तूविषयीं प्रेम वाटत नव्हतें. त्यांस तसें कारण होतें. जॅकी रॉबिन्सन १९४७ सालीं वरिष्ठ संघांत खेळूं लागला, तरी डेट्रॉइटच्या संघांत ६ जून १९५८ पर्यंत एकहि कृष्णवर्णीय खेळाडू आला नाहीं. त्या दिवशीं ऑझी व्हर्जिल आला. सोळा वरिष्ठ संघांत याच्याहि मागें राहिलेला संघ एकच, तो बॉस्टनचा. ज्या इमारतीनें आम्हांस बाहेर ठेविलें तिचें जतन आम्ही आमच्या पैशानें कां करावें, असें कोणी म्हणेल तर त्यास उत्तर दिलें पाहिजे.

आमचें उत्तर असें. साक्षीदार चांगलें बोलतो म्हणून त्यास राखावयाचें नसतें. तो प्रत्यक्ष हजर होता म्हणून राखावयाचें असतें. राखणाऱ्या पक्षानें पराक्रमांची यादी पुढें केली आणि या उण्या बाजूचा उच्चार फारसा केला नाहीं; त्यामुळें त्यांची वास्तु अर्ध्या नगराची वास्तु झाली. पूर्ण साक्ष पुढें केली असती तर दुसरें अर्धें नगरहि कदाचित् जवळ आलें असतें. विली हॉर्टन या कृष्णवर्णीय खेळाडूची हकीकत याच स्थळाची आहे. २३ जुलै १९६७ रोजीं नगरांत दंगल पेटली तेव्हां तो येथील सामना आटोपून, अंगावरचा संघाचा गणवेशहि न बदलतां, पेटलेल्या वस्तींत गेला आणि लोकांनीं शांत व्हावें म्हणून विनवूं लागला. १९५८ पर्यंत दार बंद ठेवणारें आणि १९६७ सालीं तें दृश्य पाहणारें स्थळ एकच आहे. अशा स्थळाची साक्ष एका पक्षाच्या उपयोगाची नसते. म्हणूनच ती मोलाची असते.

दोन क्रियापदांचा विचार

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. 'पाडावें कीं राखावें' असा प्रश्न करतांना दोन्ही क्रियापदें एकाच तराजूंत घातलीं जातात. वैयाकरणांच्या मतें प्रत्येक धातूच्या अर्थांत दोन अंश असतात : एक व्यापार, दुसरा फल. 'पाडणें' याचा व्यापार संपला कीं फल सिद्ध होतें, आणि तें कायमचें सिद्ध होतें. 'राखणें' याचें तसें नाहीं. तेथें व्यापार चालूं आहे तोंपर्यंतच फल असतें. व्यापार थांबला कीं फलहि गेलें. म्हणून पाडण्याचा ठराव एका बैठकींत होऊं शकतो. राखण्याचा ठराव एका बैठकींत होतच नाहीं. तो रोज सकाळीं पुन्हां करावा लागतो.

डेट्रॉइटमध्यें १९९९ सालीं पाडण्याचा ठराव कोणी केला नव्हता. पण राखण्याचा व्यापार त्या दिवशीं थांबला. पुढील दहा वर्षें लोक समजत होते कीं निर्णय अजून व्हावयाचा आहे. वस्तुतः निर्णय झालेला होता. २००९ सालीं त्याची केवळ अंमलबजावणी झाली. जीर्णोद्धाराचा विचार आपल्याकडील अग्निपुराणांत व मयमतासारख्या शिल्पग्रंथांत स्वतंत्र अध्यायांत आलेला आहे. तेथेंहि जें जीर्ण झालें त्याचें काय करावें हें ठरविण्याचें आणि करण्याचें काम आहे. कांहींचा उद्धार करावा, कांहींचें यथाविधि विसर्जन करावें. पण नुसतें पडूं द्यावें असा विधि नाहीं. डेट्रॉइटच्या मालकानें निवडला तो हाच, विधींत नसलेला मार्ग.

फेनवे पार्कचें उदाहरण येथें उपयोगी पडतें. एकाच दिवशीं उघडलेल्या या दोन प्रेक्षागारांपैकीं बॉस्टनचें आज उभें आहे. तेथेंहि १९९९ सालीं जुनें सोडून नवें बांधण्याची योजना निघाली होती. २००२ सालीं आलेल्या नव्या मालकांनीं ती सोडून दिली व जुन्यांतच वर्षानुवर्षें सुधारणा केल्या. बॉस्टनची वास्तु डेट्रॉइटच्या वास्तूहून दणकट होती म्हणून ती वांचली असें नाहीं. तेथें व्यापार एक दिवसहि खंडित झाला नाहीं, हें खरें कारण.

कोणी म्हणेल, मग एकदां ओस पडलेली वास्तु पुन्हां कधींच उठत नाहीं काय? उठते. न्यू जर्सींतील पॅटरसन येथील हिंचलिफ स्टेडियम १९३२ सालीं उघडलें. कृष्णवर्णीयांना वरिष्ठ संघांत प्रवेश नव्हता त्या काळीं त्यांचे जे निराळे संघ असत, त्यांपैकीं न्यूयॉर्क ब्लॅक यँकीज व न्यूयॉर्क क्यूबन्स हे येथें खेळत. अमेरिकन लीगमधील पहिला कृष्णवर्णीय खेळाडू लॅरी डोबी हा याच गांवांत वाढला. १९९० नंतरच्या दशकांत हें मैदान बंद पडलें, आणि तें पाव शतक ओस होतें. बाकांतून झाडें उगवलीं. पण २०१३ सालीं त्यास राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला, पुढें वृद्धांसाठीं घरें व वाहनतळ यांची जोड देऊन त्याचा जीर्णोद्धार झाला, आणि मे २०२३ मध्यें तें पुन्हां उघडलें. येथें दोन गोष्टी जुळल्या. त्या प्रकारची साक्ष देणारीं स्थळें फार थोडीं उरलीं होतीं, म्हणून साक्ष दुर्मिळ होती. आणि आतां येथें कोण खेळणार याचें उत्तर, गांवांतील शाळांचीं मुलें, हें आरंभापासून तयार होतें. डेट्रॉइटला पहिलें थोडेंबहुत होतें, दुसरें नव्हतें.

वहिवाट

आणि तरीहि डेट्रॉइटची हकीकत २००९ सालीं संपत नाहीं. इमारत गेल्यावर सुमारें नऊ एकरांचें मैदान कुंपणाआड उरलें. गवत पुरुषभर वाढलें, केरकचरा सांचला. २०१० च्या मे महिन्यांत कांहीं सामान्य नागरिक आपापलीं गवत कापण्याचीं यंत्रें, दांताळीं व फावडीं घेऊन आंत शिरले. परवानगी कोणाचीच नव्हती. पोलिसांनीं त्यांना बाहेर काढलें, ते पुन्हां आले. त्यांनीं जुनी होम प्लेटची जागा साफ केली, चेंडू टाकणाऱ्याचा उंचवटा पुन्हां घडविला, पांढऱ्या रेषा आंखल्या. नॅव्हिन फील्ड ग्राउंड्स क्रू असें नांव घेऊन त्यांनीं हें काम वर्षानुवर्षें चालविलें, आणि गांवोगांवचे लोक येऊन तेथें खेळूं लागले.

आमच्या जुन्या कागदपत्रांत हक्काच्या वादाचा निर्णय करतांना पंच पहिल्यानें विचारीत : वहिवाट कोणाची? सनद कोणापाशीं आहे हें नंतर. डेट्रॉइटमध्यें सनद नगराची होती, नोंद राष्ट्राची होती; वहिवाट मात्र या गवत कापणारांची झाली. आणि अखेर मैदान वांचलें तें त्या वहिवाटीमुळें. ती जागा मोकळी पडलेली नाहीं, वापरांत आहे, हें त्यांनीं दर रविवारीं दाखवून दिलें. शेवटीं डेट्रॉइट पोलीस अ‍ॅथ्लेटिक लीग या मुलांच्या क्रीडासंस्थेनें तेथें नवें लहान क्रीडागार बांधलें. तें मार्च २०१८ मध्यें उघडलें, आणि लेव्हिन यांनीं मिळविलेली रक्कम अखेर त्याच कामीं आली. जुना उंच ध्वजस्तंभ तेथें आहे, आणि मैदानास नांव विली हॉर्टन याचें आहे.

यांतहि एक कांटा राहिला. नव्या संस्थेनें खरें गवत काढून कृत्रिम गवत घातलें. मुलांचे शेंकडों सामने व्हावयाचे, खरें गवत टिकणार नाहीं, असें कारण देण्यांत आलें. ज्यांनीं सहा वर्षें तें गवत स्वहस्तें राखलें त्यांना हें अर्थातच सहन झालें नाहीं, आणि त्यांनीं विरोध केला. आम्हांस दोन्ही बाजूंचें म्हणणें कळतें. गवत हें कधींच १९१२ चें नव्हतें. तें दर कांहीं वर्षांनीं बदललेंच जात होतें. म्हणून वस्तूच्या अस्सलपणाचा प्रश्न येथें फारसा नाहीं, आणि मुलांचें खेळणें हेंच या स्थळाचें राखणें आहे असें आम्ही मानतों. परंतु वहिवाटदारास बाजूला सारून झालेला निर्णय, तो योग्य असला तरी, न्याय्य होत नाहीं. जी वहिवाट होती म्हणून मैदान उरलें, तिला नव्या व्यवस्थेंत मानाची जागा हवी होती.

निर्णय

सर्व विवेचनाचा इत्यर्थ आम्ही असा मांडतों. ओस वास्तूविषयीं वाद निघाला कीं पाडावें कीं राखावें हा प्रश्न पहिल्यानें घेऊं नये. पहिला प्रश्न असा : हिची झाडलोट उद्यां कोण करणार? त्यास नांवानिशीं उत्तर मिळालें तर दुसरा प्रश्न घ्यावा : हिच्या कोणत्या भागाची साक्ष दुसरीकडे मिळत नाहीं? तेवढाच भाग राखण्याचा आग्रह धरावा, आणि तो मात्र सोडूं नये. पहिल्या प्रश्नास उत्तर नसेल तर आलिंगनें, नोंदी व ठराव यांचा उपयोग नाहीं. वास्तु पडणार, फक्त पाडणाराचें नांव नंतर कळणार. आणि मालक जर सार्वजनिक संस्था असेल तर तिनें निदान एवढें करावें, कीं राखावयाचें नसेल तर पहिल्याच वर्षीं तसें सांगावें. दहा वर्षें पाऊस आणि गंज यांच्यावर काम सोंपवून मग त्यांचा अहवाल पुरावा म्हणून वाचूं नये.

डेट्रॉइटनें १९१२ चा पट्टा गमावला. तो परत येत नाहीं. पण त्या चौकांत आज मुलें खेळतात, आणि होम प्लेट १९१२ पासून ज्या जागीं होती त्याच जागीं आहे. हें कोणत्याहि ठरावानें झालेलें नाहीं. तें गवत कापणाऱ्या यंत्रांनीं केलें. राखणें या धातूचा अर्थ त्या लोकांना बरोबर कळला होता, असा आमचा अभिप्राय आहे.